मुलांची अर्धशिशी आणि ‘डी’ जीवनसत्त्व: रिपोर्टमधला आकडा किती मनावर घ्यायचा?

फोंडा तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मुलगी अकरा वर्षांची, सहावीत, वजन ३० किलो. गेले सात-आठ महिने महिन्यातून तीन-चारदा तिचं डोकं दुखतं, बहुतेक वेळा शाळेतून घरी आल्यावर. कपाळ ठणकतं, खोली अंधारी करून पडून राहते, एखादी उलटी होते, झोप लागली की संध्याकाळी पुन्हा खेळायला तयार. डोळे तपासले, चष्मा लागला नाही. रक्त तपासलं त्यात ‘डी’ जीवनसत्त्व १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) निघालं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, यामुळेच डोकं दुखतंय, सहा लाख युनिटचं ‘डी’चं इंजेक्शन दिलं की थांबेल. हे खरं का, आणि एमआरआय करायचा का? आईला स्वतःलाही लग्नाआधीपासून ‘पित्ताची’ डोकेदुखी आहे.

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन वाटते. ‘डी’ कमी आहे आणि ते भरून काढायला हवं, पण ते हाडांसाठी. त्याने डोकेदुखी थांबेल असा शब्द मी देणार नाही आणि दुसऱ्या कुणी दिला तर त्यावर विसंबू नका. इंजेक्शन नको. एमआरआयची गरज आत्ता दिसत नाही. मात्र एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब आणि डोळ्यांचा पडदा बघून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना पडदा बघितलाच असेल असं धरून चालू नका, तसं मुद्दाम सांगावं लागतं.

आता अर्धशिशी कशावरून. मोठ्यांमध्ये ती डोक्याच्या एका बाजूला दुखते, म्हणून लोकांना वाटतं की दोन्ही बाजूंना दुखलं तर ती अर्धशिशी नव्हे. मुलांमध्ये ती बहुतेकदा सबंध कपाळावर किंवा दोन्ही कानशिलांत दुखते. मोठ्यांचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो, मुलांचा दोन तासांतही आटोपतो. त्यामुळे झोपून उठल्यावर मूल हसत-खेळत दिसलं की घरच्यांना संशय येतो, अभ्यास टाळायला नाटक तर करत नाही ना? तसं नसतं. मधल्या दिवसांत मूल पूर्ण बरं असणं ही अर्धशिशीची खूणच आहे. तुमच्या मुलीचं ठणकणं, उजेड नकोसा होणं, उलटी, झोपेने उतरणं, सगळं त्या चौकटीत बसतं. हे मूल किती जगावेगळं, असंही मनात आणू नका. शाळकरी वयात शंभरातल्या सात ते दहा मुलांना हा त्रास असतो.

तुमच्या ‘पित्ता’बद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे घरोघरी असं पित्त असतं: उपास घडला, ऊन लागलं, जागरण झालं की डोकं चढतं, उलटी झाली की बरं वाटतं. यातलं बरंचसं पित्त म्हणजे निदान न झालेली अर्धशिशी असते. उलटी हा त्या झटक्याचा भाग आहे. मेंदूकडून जठराला मिळणारे संकेत त्या वेळी मंदावतात, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळतं. आई-वडिलांपैकी एकाला अर्धशिशी असेल तर मुलाला ती होण्याची शक्यता बरीच वाढते. मुलीच्या तपासणीत तुमचं हे वाक्य मला त्या १४ च्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. (तुमच्या स्वतःच्या डोकेदुखीलाही औषध आहे. वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढू नका, एकदा दाखवून घ्या.)

या वयाच्या मुलांना डोकेदुखीचं वर्णन करता येत नाही. ‘कसं दुखतं?’ असं विचारलं तर ‘खूप’ एवढंच उत्तर मिळतं. मी त्यांच्या पुढ्यात कागद आणि रंगीत पेन्सिली ठेवतो आणि म्हणतो, तुझं डोकं दुखतं तेव्हा तू कशी असतेस ते काढ. अर्धशिशी असलेली मुलं खिडकीचे पडदे ओढलेली खोली काढतात, पलंगावर आडवं मूल, शेजारी बादली, कपाळावर हातोडा नाहीतर ढोल. दिव्यावर फुली मारलेली असते. एखादं मूल डोळ्यांपुढच्या वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा काढतं, ज्या त्याने घरी कुणालाही सांगितलेल्या नसतात. ताणाने डोकं दुखणारी मुलं डोक्याभोवती आवळलेला पट्टा काढतात. निदानासाठी चित्रं उपयोगी पडतात हे अभ्यासानेही दाखवलं आहे. तुम्ही घरीही हे करू शकता. बरं वाटत असेल त्या दिवशी तिला काढायला सांगा आणि तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता त्या १४ कडे. लॅबच्या कागदावर तो ठळक अक्षरांत येतो आणि बाजूला ‘कमतरता’ छापलेलं असतं. बहुतेक लॅब जी पट्टी वापरतात ती अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली दिलेली: २० च्या खाली कमतरता, ३० च्या खाली अपुरं. त्याच संस्थेने २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात ३० चा आग्रह सोडून दिला. आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची पट्टी मुलांसाठी वेगळी आहे: १२ च्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं, २० च्या वर पुरेसं. त्या हिशेबाने तुमची मुलगी मधल्या गटात येते. घाबरण्याजोगं काही नाही, दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

आणि ती एकटी नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभरात मुलांच्या पोषणाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलामुलींचं ‘डी’ १२ च्या खाली निघालं, ५ ते ९ वयात १८ टक्क्यांचं. २० ची रेघ धरली तर आकडा आणखी बराच मोठा होईल. याचा अर्थ नीट बघा. डोकं दुखणाऱ्या मुलांचं रक्त तपासलं तर कितीतरी जणांचं ‘डी’ कमी निघणार, आणि पोट दुखणाऱ्यांचं तपासलं तरी निघणार. तपासणीत काहीतरी सापडलं म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. पण घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यात कागदावर एक ठळक आकडा मिळतो, आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच खिळून राहतं. हे मी वारंवार बघतो आणि त्याची मला काळजी वाटते, कारण मधल्या काळात डोकेदुखीवरचे खरे उपचार सुरूच होत नाहीत.

मग ‘डी’ आणि अर्धशिशी यांचा काही संबंधच नाही का? शंकेला जागा आहे. मेंदूत, विशेषतः हायपोथॅलॅमसमध्ये, ‘डी’ जीवनसत्त्वाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते जिथे येऊन चिकटतं त्या जागा) असतात. झोप, भूक, शरीराचं घड्याळ याच भागातून चालतं आणि अर्धशिशीचा झटकाही बहुधा इथे आधी चाळवतो. ‘डी’ शरीरातला दाह कमी करतं, आणि अर्धशिशीत चेहऱ्याच्या मज्जातंतूंतून दाह वाढवणारी रसायनं सुटतात. त्यामुळे कल्पना चुकीची नाही. अर्धशिशी असलेल्या मुलांमध्ये ‘डी’ कमी आढळल्याचे अभ्यासही आहेत. पण ज्या मुलाला उजेडाने आणि उन्हाने डोकं दुखतं ते मूल उन्हात कमी जातं, मैदानावर कमी खेळतं. मग ‘डी’ कमी असल्यामुळे डोकं दुखतंय की डोकं दुखत असल्यामुळे ‘डी’ कमी झालंय? एकदाच रक्त तपासून हे कळत नाही.

त्यासाठी औषध देऊन बघावं लागतं. तुर्कस्तानातून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ८ ते १६ वर्षांच्या ५३ मुलांचा. ज्यांना ‘डी’ दिलं त्यांचे झटके कमी झाले. पण त्या सगळ्याच मुलांना अमिट्रिप्टिलिन हे अर्धशिशीचं औषध चालू होतं आणि तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिलेली नव्हती. डेन्मार्कमध्ये ४८ प्रौढांवर काटेकोर प्रयोग झाला, रोज ४००० युनिट, २४ आठवडे. त्यात अर्धशिशीचे दिवस खरोखर कमी झाले, पण माणसं थोडी होती. उलट अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या प्रचंड मोठ्या अभ्यासात, ज्यात पंचवीस हजारांवर मध्यमवयीन आणि वृद्ध माणसं होती, रोज २००० युनिट घेणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांना खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. तेव्हा मोठ्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मुलांवरचा पुरावा त्याहून तोकडा आहे.

खोट्या गोळीवर मी एवढा भर का देतो ते सांगतो. मुलांच्या अर्धशिशीतला एक फार महत्त्वाचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ८ ते १७ वर्षांच्या मुलांना अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा नुसती खोटी गोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर येण्याचं प्रमाण अमिट्रिप्टिलिनने ५२ टक्के, टोपिरामेटने ५५ टक्के आणि खोट्या गोळीने ६१ टक्के! प्रयोग वेळेआधी थांबवावा लागला. म्हणजे मुलांमध्ये उपचार सुरू झाले, कुणीतरी नीट ऐकून घेतलं, झोप-जेवणाची घडी बसली, तरी निम्म्याहून अधिक मुलं सुधारतात. आता कल्पना करा, याच काळात ‘डी’ची पुडी चालू असेल तर श्रेय कुणाला जाईल? एखादी शेजारीण आपल्या मुलाला पुडीने गुण आला असं सांगते, तेव्हा ती मनापासूनच सांगते. पण तिच्या सांगण्यावरून आपल्याला पुडीची परीक्षा करता येत नाही.

सहा लाखांच्या इंजेक्शनबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमच्या मुलीची रोजची गरज ६०० युनिट. बाजारात मिळणारी ६०,००० ची एक पुडी म्हणजे तिच्या शंभर दिवसांची गरज, आणि सहा लाख म्हणजे हजार दिवसांची, एका टोचणीत. ‘डी’ चरबीत साठून राहतं, लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मग भूक मरते, बद्धकोष्ठ होतो, सारखी तहान लागते, लघवी वाढते, उलट्या होतात, डोकं दुखतं. ज्या दोन तक्रारींसाठी इंजेक्शन घेतलं त्याच वाढल्या तर घरचे म्हणतात, गुण येत नाही, अजून एक द्या. एकाने इंजेक्शन दिलं, दुसऱ्याने पुड्या लिहून दिल्या, घरी ‘हाडांचं टॉनिक’ चालूच आहे, आणि तिन्ही जणांना एकमेकांची खबर नाही, असे प्रसंग येतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या.

‘डी’ भरून काढायचा बरा मार्ग म्हणजे तोंडाने, लहान डोसात, रोज, साधारण बारा आठवडे. डोस तुमचे बालरोगतज्ज्ञ वजन आणि आहार बघून ठरवतील. नंतर गरजेपुरतं चालू ठेवायचं. या वयाला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० युनिटच्या वर जाऊ नये. जेवणानंतर द्या, कारण थोडी चरबी असली की ते नीट शोषलं जातं. पुन्हा रक्त तपासायचं असेल तर तीन महिन्यांनी. महिन्या-महिन्याला तपासण्यात पैशांपलीकडे काही निघत नाही. पाय दुखणं, जिना चढताना दमणं असं काही असेल तर तेही सांगा, त्या तक्रारींवर ‘डी’चा गुण दिसण्याची शक्यता डोकेदुखीपेक्षा जास्त आहे. रक्त काढणारच असाल तर हिमोग्लोबिन आणि, शाकाहारी असाल तर, बी-१२ सुद्धा बघा. मुलींच्या या वयात लोह कमी असणं फार आढळतं.

उन्हाचं काय? गोव्यात उन्हाला तोटा नाही, तरी मुलांचं ‘डी’ कमी, याचं अनेकांना नवल वाटतं. ‘डी’ तयार करणारे किरण सकाळी कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच, ते साधारण दहा ते तीनमध्ये असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ. आपली मुलं त्या वेळी वर्गात असतात, तिथून बालरथात (शाळेच्या बसमध्ये), तिथून घरात. संध्याकाळी शिकवणी. जूनपासून पाऊस. शिवाय सावळ्या कातडीला त्याच ‘डी’साठी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत पेच असा की दुपारचं ऊन हेही तिच्या झटक्याचं एक निमित्त दिसतं. त्यामुळे ‘रोज बाराला उन्हात बसव’ हा सल्ला मी तिला देणार नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दहा ते अकरामध्ये, पोटात खाणं आणि पाणी असताना, वीस मिनिटं ते अर्धा तास, डोक्यावर टोपी पण हात-पाय उघडे, तेही जमेल तेव्हा. डोळ्यांवर थेट चकाकी येऊ देऊ नका. समुद्राच्या वाळूवरून आणि ओल्या रस्त्यावरून परतणारी चकाकी अशा मुलांना फार बाधते. बाकीचं पुडीतून भागवू.

नुस्तं (मासे) खाणारं घर असेल तर बांगडे आणि तारले आठवड्यातून दोन-तीनदा ताटात येऊ द्या. या तेलकट माशांत ‘डी’ चांगलं असतं, इसवण-पापलेटसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तेव्हाच ऊनही नसतं, म्हणून पावसाळ्यात पुडी चुकवू नका. शाकाहारी घरात अंडंही चालत नसेल तर आहारातून ‘डी’ फारसं मिळत नाही हे मान्य करून औषधावरच भर द्यावा. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणीचं सत्त्व आहेच.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या प्रश्नात ओझरता उल्लेख आहे आणि मला जिथे सगळ्यात जास्त हाती लागण्यासारखं दिसतं, ती म्हणजे झटक्याची वेळ: शाळेतून आल्यावर. आपल्याकडे शाळा सकाळी भरते. बालरथ पावणेसातला नाक्यावर येणार म्हणून मूल सहाला उठतं. चहात उंडो (पाव) बुडवून दोन घास खाल्ले तर खाल्ले, नाहीतर नुसता चहा. मधल्या सुट्टीत डब्यातली अर्धी पोळी. पाण्याची बाटली भरलेली जाते आणि बरीचशी भरलेलीच परत येते, कारण पाणी प्यायलं की शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागतं आणि मुलींना ते नको असतं. याविषयी मुली आपणहून बोलत नाहीत, एकटीला बाजूला घेऊन विचारावं लागतं. मग दीड वाजता तापलेल्या बसमधून घरी. भूक, तहान, अपुरी झोप, ऊन, गोंगाट आणि डिझेलचा वास, हे सगळं दुपारी दोनच्या सुमाराला एकत्र येतं. अर्धशिशीचा मेंदू बदल सहन करत नाही, त्याला ठरलेल्या वेळी ठरलेलं लागतं. तुमच्या मुलीला दुपारी दोनलाच का दुखतं, याचं उत्तर मला या सहा-सात तासांत दिसतं.

म्हणून चार आठवडे एवढंच करा. सकाळी निघण्यापूर्वी पोटभर काहीतरी, पेज, अंडं, भाकरी, काल रात्रीची चपाती-भाजी, जे ती खाईल ते. चहा कमी, कोला बंद. शाळेत एक बाटली पाणी संपवायची आणि शाळा सुटताना बालरथात बसण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळं. घरी आल्यावर आधी ताक, कोकम सरबत किंवा शहाळं, मग बाकीचं. झोप नऊ तासांच्या खाली नको. सहाला उठायचं असेल तर नऊला दिवा बंद, आणि मोबाईल त्या खोलीबाहेर. मोबाईलमुळेच अर्धशिशी होते असं मी म्हणणार नाही, पण तो झोप खातो आणि झोप गेली की झटका येतो. स्वच्छतागृहाविषयी वर्गशिक्षिकेशी बोला. एका आईने विषय काढला की बाकीच्याही बोलू लागतात.

चॉकलेट, चीज, आंबट, तिखट अशा लांबलचक यादीने मुलीचं खाणं बंद करू नका. एखाद्या पदार्थानंतर दर वेळी झटका येतो असं वहीत दिसलं तरच तो टाळा. सणांचं मात्र आधी ठरवा. चतुर्थीतली जागरणं, जत्रेची रात्र आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवाळीआधीची नरकासुराची रात्र: पहाटेपर्यंत कानठळ्या बसवणारं संगीत, झोप नाही, पोटात काही नाही. दुसऱ्या दिवशी फराळाला बसायच्या वेळी मूल उलट्या करत असतं. तिला नरकासुर बघू द्या, पण दहाला घरी आणा. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपू देणं हेही तिच्या डोक्याला मानवत नाही, तासाभराचा फरक पुरे.

झटका आलाच तर औषध लवकर आणि पुरेसं द्यायचं. बहुतेक घरांत उलट होतं. ‘आधी थोडं थांबून बघू’ म्हणून तास जातो, मग पाच मिली पॅरासिटामॉल देतात आणि ‘गोळीने फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. ३० किलोच्या मुलीला पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलीत २५० असलेल्या सिरपचे ते नऊ मिली झाले. पाच मिली म्हणजे जेमतेम अर्धं. आयब्युप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, आणि मुलांच्या अर्धशिशीत ते सहसा जास्त चांगलं लागू पडतं. काहीतरी खाऊन द्यावं, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारून. बाटलीवरची ताकद वाचा, ती कंपनीगणिक बदलते, आणि डोस एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढचा डोस सहा तासांच्या आत नको. एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची: पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन अजिबात नको, फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, आणि निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११ पासून आपल्या देशात बंद आहे, घरात जुनी बाटली असेल तर फेकून द्या.

शाळेत दुखायला लागलं तर तिथेच डोस मिळायला हवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि एका डोसाची बाटली शाळेच्या कार्यालयात ठेवायची व्यवस्था करा, आणि अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्यावं असं चिठ्ठीत लिहून घ्या. वेदनाशामक आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त लागायला लागलं तर थांबून डॉक्टरांकडे या. महिन्यात पंधरा दिवस किंवा अधिक ही औषधं पोटात गेली तर त्यांच्यामुळेच रोज डोकं दुखू लागतं. नेहमीच्या औषधाने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत, त्यांतलं रिझाट्रिप्टान अमेरिकेत सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठी मान्य आहे, पण ते तज्ज्ञांनीच द्यावं.

रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार मी तेव्हा करतो जेव्हा आठवड्याला एक किंवा अधिक झटके येतात आणि शाळा बुडते. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर आहे. आधी हे चार आठवडे बघू. लागलंच तर फ्लुनारिझिन आपल्याकडे बरंच वापरतात, त्याने झोप येते आणि वजन वाढतं. प्रोप्रानोलॉल दम्याच्या मुलांना चालत नाही. टोपिरामेटने भूक कमी होते आणि काही मुलांचा घाम कमी होतो. एप्रिल-मेच्या आपल्या उकाड्यात मैदानावर खेळणाऱ्या मुलाला हे धोक्याचं ठरू शकतं, म्हणून ते देताना मी घरच्यांना मुद्दाम बजावतो. गोळ्यांइतकंच, कधी अधिक, काम विचार-वर्तन उपचाराने होतं. २०१३ साली १३५ मुलांवर झालेल्या अभ्यासात अमिट्रिप्टिलिनला या उपचाराची जोड दिली तेव्हा महिन्यातले डोकेदुखीचे दिवस सरासरी ११.५ ने कमी झाले, नुसत्या माहितीची जोड दिली तेव्हा ६.८ ने. मुलाला समुपदेशकाकडे पाठवणं म्हणजे त्याच्या दुखण्यावर अविश्वास दाखवणं, असं कृपा करून समजू नका. श्वास, स्नायू सैल सोडणं, झटक्याची भीती कमी करणं हे शिकवता येतं आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

एमआरआय कधी? पहाटे झोपेतून डोकेदुखीने जाग येणं आणि उठताच उलटी, खोकताना-शिंकताना वाढणारं दुखणं, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, तिरळेपणा, फिट, वजन किंवा उंची खुंटणं, अक्षर अचानक बिघडणं, आठवड्यागणिक वाढतच जाणारी डोकेदुखी. यातलं एक जरी दिसलं तर वाट न बघता दाखवा. तापाबरोबर मान ताठ झाली किंवा मूल गुंगीत गेलं तर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात, रात्र असली तरी. यातलं काही नसेल, तपासणी आणि डोळ्यांचा पडदा ठीक असेल, तर स्कॅनमधून काही मिळत नाही. त्यात सापडणारे निरुपद्रवी ठिपके मात्र घरच्यांची झोप उडवतात.

एक साधी वही करा. तारीख, किती वाजता सुरू झालं, आदल्या रात्री किती वाजता झोपली, सकाळी काय खाल्लं, पाणी किती, कुठलं औषध किती वाजता दिलं, किती वेळात उतरलं. पाळी अजून सुरू झाली नसेल तर ती सुरू झाल्यावर त्या तारखाही. वही तिने स्वतः भरावी, तुम्ही फक्त आठवण करा. आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं वजन लिहा. दर तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा करून घ्या, कारण या वयात वजन भराभर वाढतं आणि आज बरोबर असलेला डोस पुढच्या शाळेच्या वर्षात कमी पडतो.